‘मला भूक लागली’, ‘मी थकलोय’, ‘मला राग आला’: स्पॅनिशमध्ये भावना आणि तात्पुरती अवस्था कशी सांगायची?

गिरणाकाठ (धागा सुरू)

स्पॅनिशच्या पहिल्या काही धड्यांतच ‘कोमो एस्तास?’ म्हणजे ‘कसा आहेस?’ येतं, आणि उत्तर देताना गाडी अडते. आपल्याकडे पुस्तकं आणि ॲप बहुतेक इंग्रजीतून शिकवतात. इंग्रजीत भूक, थंडी, थकवा, राग, वय असं सगळं एकाच ‘आय ॲम’मध्ये कोंबलेलं असतं. स्पॅनिशमध्ये ते वेगवेगळ्या क्रियापदांत वाटलेलं आहे. आणि मराठीतही वाटलेलंच आहे! म्हणून जळगाव-धुळ्याच्या माणसाने इंग्रजीचा फेरा घेऊच नये, सरळ मराठीतून किंवा अहिराणीतून जावं.

माझा आराखडा असा आहे. चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

मराठीत ‘थकलोय, घाबरलाय, गोंधळलीये’ असं ‘-लोय, -लाय, -लीये’ आलं की स्पॅनिशमध्ये ‘एस्तार’ (असणे) हे क्रियापद घ्यायचं. मी थकलोय: ‘एस्तोय कान्सादो’. ती घाबरलीये: ‘एस्ता आसुस्तादा’. रूपं अशी: एस्तोय (मी), एस्तास (तू), एस्ता (तो, ती, आदराने ‘आपण’), एस्तामोस (आम्ही), एस्तान (ते, तुम्ही सगळे). स्पेनमध्ये ‘तुम्ही लोक’साठी एस्ताइस हे आणखी एक रूप आहे.

मराठीत ‘मला’ आणि पुढे शरीराची गरज आली की ‘तेनेर’ घ्यायचं. त्याचा मूळ अर्थ जवळ असणे. मला भूक लागली: ‘तेंगो आम्ब्रे’. तहान: ‘तेंगो सेद’. झोप आली: ‘तेंगो स्वेन्यो’. थंडी वाजते: ‘तेंगो फ्रीओ’. उकडतंय: ‘तेंगो कालोर’. रूपं: तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, त्येनेन. वयही यातच येतं: ‘तेंगो वेइन्ते आन्योस’, वीस वर्षांचा आहे.

‘मला आवडतं’ हा तिसरा गट, त्यावर नंतर बोलू.

प्रतिसाद १, सातपुडा_यावल

दादा, आराखडा चांगला आहे, पण मला लगेच दोन भोकं दिसतात. ‘मला राग आलाय’ आणि ‘मला कंटाळा आलाय’ यांत ‘मला’ आहे. तुमच्या नियमाने तेनेर यायला हवं. पण स्पॅनिश माणूस ‘एस्तोय एनोखादो’ आणि ‘एस्तोय आबुर्रीदो’ म्हणतो. मग ‘झोप आली’ तेनेरमध्ये आणि ‘राग आला’ एस्तारमध्ये, असं का?

प्रतिसाद २, गिरणाकाठ

बरोबर पकडलंत. म्हणून एक पायरी वाढवावी लागते. ‘मला राग आलाय’ हे ‘-लोय’च्या साच्यात फिरवून बघायचं. राग आलाय म्हणजे रागावलोय, कंटाळा आलाय म्हणजे कंटाळलोय. सहज फिरलं की एस्तार. ‘झोप आली’ तसं फिरत नाही: ‘झोपलोय’ म्हटलं तर अर्थच बदलतो, आणि स्पॅनिशमध्येही बदलतो. ‘तेंगो स्वेन्यो’ म्हणजे डोळ्यांवर झोप आहे, ‘एस्ता दोर्मीदो’ म्हणजे तो झोपलाय.

भूक-तहानेला ‘भुकेलोय, तहानलोय’ असं म्हणता येतं हे खरं. स्पॅनिशमध्येही ‘आम्ब्रिएन्तो, सेदिएन्तो’ आहेत. पण ‘मी क्षुधित आहे’ असं कोणी घरात म्हणत नाही, तसेच ते शब्द रोजच्या बोलण्यात जड वाटतात. रोजचं तेनेरच.

आणखी पाच तेनेर पाठच करावे लागतात: म्येदो (भीती), प्रीसा (घाई), बेर्ग्वेन्सा (लाज), स्वेर्ते (नशीब), रासोन (बरोबर असणं). ‘त्येनेस रासोन’ म्हणजे तुझं बरोबर आहे, हे तर दिवसातून दहादा लागतं. ‘मी घाईत आहे’ऐवजी ‘माझ्याकडे घाई आहे’, असं एकदा मोठ्याने म्हणून बघा, लक्षात राहतं.

प्रतिसाद ३, पांझरा

‘तात्पुरतं असेल तर एस्तार, कायमचं असेल तर सेर’ (‘असणे’चं दुसरं क्रियापद: ‘सोय’ मी आहे, ‘एस’ तो किंवा ती आहे) हा नियम जवळजवळ प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात, आणि तोच पुढे सगळ्यात जास्त चुका घडवतो. मरण तात्पुरतं असतं का? तरी ‘एस्ता म्वेर्तो’, एस्तारच. लग्न झालेलं? ‘एस्ता कासादो’. इथे सेरही चालतं, पण रोजच्या बोलण्यात एस्तार जास्त.

आता मराठीत बघा. मेलाय. लग्न झालंय. दार उघडलंय, ‘एस्ता आब्येर्तो’. खुर्ची मोडलीये, ‘एस्ता र्रोता’. पोट भरलंय, ‘एस्तोय येनो’. प्रत्येक ठिकाणी काहीतरी घडून गेलंय आणि त्याचा परिणाम समोर आहे. एस्तारचं खरं काम हेच. किती दिवस टिकेल याचा संबंध नाही, काहीतरी घडून आलेली स्थिती आहे का ते बघायचं. आपली ‘-लाय’ ही खूण याच कामाची आहे, म्हणून गिरणाकाठचा आराखडा पुस्तकातल्या नियमापेक्षा मला जास्त पटतो.

‘बसलोय’ घ्या. इंग्रजीवरून गेलं की माणूस ‘सेन्तान्दो’ करायला जातो. मराठीवरून गेलं की थेट ‘एस्तोय सेन्तादो’ येतं. उभा आहे: ‘एस्तोय दे प्ये’.

प्रतिसाद ४, कळण्याची_भाकरी

सेर आणि एस्तारमध्ये अर्थ बदलणारे शब्द इथेच नोंदवून ठेवते, कारण भावनांच्या धड्यात हेच दगा देतात.

‘एस्तोय आबुर्रीदो’ कंटाळलोय. ‘सोय आबुर्रीदो’ मी कंटाळवाणा माणूस आहे.
‘एस्ता लीस्ता’ ती तयार आहे. ‘एस लीस्ता’ ती हुशार आहे.
‘एस्ता बेर्दे’ फळ कच्चं आहे. ‘एस बेर्दे’ रंगाने हिरवं.
‘एस्ता र्रीको’ चविष्ट झालंय. ‘एस र्रीको’ श्रीमंत आहे.

केळीच्या बागेत उभं राहून बेर्देचा फरक पक्का होतो. रावेरकडच्या घडाला ‘एस्ता बेर्दे’ म्हणजे अजून पिकलेला नाही. भरिताला ‘एस्ता र्रीको’ म्हणायचं, ‘एस र्रीको’ म्हटलं तर भरीत सावकार झालं!

जाता जाता: स्पेन आणि मेक्सिकोत खायचं केळं ‘प्लातानो’. कोलंबियात ‘प्लातानो’ म्हणजे शिजवून-तळून खायचं केळं, आणि गोड केळं ‘बानानो’. केळीच्या निर्यातीत जगात पहिला असलेल्या एक्वादोरमध्ये ‘गिनेओ’ही म्हणतात.

प्रतिसाद ५, नवा_प्रवासी_चाळीसगाव

एक शंका. ‘जंक्शन भुसावळला आहे’ यात काही घडून आलेलं नाही. मग सेर?

प्रतिसाद ६, पांझरा

नाही, तिथेही एस्तार. जागा सांगायची असली की एस्तार, मग ते स्टेशन असो की सातपुडा. हा वेगळा नियम, ‘-लाय’शी त्याची सांगड घालू नका. एस्तारचं मूळ लॅटिनमधल्या ‘उभं असणे’ या क्रियापदात आहे, म्हणून जागा त्याच्याकडे आली. उलट कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर लागतं: ‘ला बोदा एस एन एरंडोल’, लग्न एरंडोलला आहे. मंडप ‘एस्ता’, लग्न ‘एस’.

प्रतिसाद ७, तापीकाठ

अहिराणी बोलणाऱ्यांना दोन गोष्टी फुकट मिळतात, त्या इथे सांगायलाच हव्यात.

पहिली, ‘ले’. आपण म्हणतो ‘त्याले आंबा आवडस’. स्पॅनिश म्हणते ‘ले गुस्ता एल मान्गो’. ‘त्याले’मधला ‘ले’ आणि स्पॅनिशचा ‘ले’ एकच काम करतात: त्याला, तिला. नातं काही नाही, स्पॅनिशचा ‘ले’ लॅटिनमधून आलाय, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला याहून सोपं काय? माले म्हणजे ‘मे’, तुले म्हणजे ‘ते’, त्याले-तिले म्हणजे ‘ले’, आमले म्हणजे ‘नोस’, त्यासले म्हणजे ‘लेस’.

आणि क्रियापद आंब्यामागे जातं, माणसामागे नाही. मला आंबा आवडतो, ‘मे गुस्ता एल मान्गो’. मला आंबे आवडतात, ‘मे गुस्तान लोस मान्गोस’. मराठीत अगदी असंच. इंग्रजीवरून येणारा ‘यो गुस्तो’ म्हणून बसतो. आपल्या तोंडून ‘मी आवडतो आंबा’ कधी येईल का?

दुसरी गोष्ट ‘राहिना’. ‘काय करी राहिना भो?’, ‘मी खाई राहिनू’. राहणे हे क्रियापद मदतीला घेऊन आपण चालू क्रिया सांगतो. स्पॅनिश एस्तार मदतीला घेते: ‘एस्तोय कोम्येन्दो’, खाई राहिनू. ‘एस्ता योरान्दो’, ती रडी राहिनी. बांधणी तीच.

प्रतिसाद ८, गिरणाकाठ

वा, ‘ले’ची जोडी छान. पण ‘राहिना’ला एक कुंपण घाला. ‘भूक लागी राहिनी’ म्हणून ‘एस्तोय तेन्येन्दो आम्ब्रे’ करू नका, ते चूक आहे. भूक-तहान-थंडीला साधा वर्तमानकाळ. तसंच ‘उद्या जाई राहिनू’ हे आपण भविष्यासाठी वापरतो, तिथे स्पॅनिशमध्ये ‘मान्याना बोय’ म्हणायचं. एस्तारची ही बांधणी फक्त आत्ता चालू असलेल्या गोष्टीला.

‘मला भूक लागली’ दिसायला भूतकाळ आहे, भूक मात्र आत्ता आहे. म्हणून ‘तुवे आम्ब्रे’ नाही, ‘तेंगो आम्ब्रे’. ‘मी थकलो’चं तेच. आपण ‘थकलो’ आणि ‘थकलोय’ दोन्ही म्हणतो. स्पॅनिशमध्ये घडलेली गोष्ट ‘मे कान्से’ आणि आत्ताची अवस्था ‘एस्तोय कान्सादो’. वाक्य मनात आधी ‘-लोय’वर आणा, मग भाषांतर करा.

प्रतिसाद ९, कळण्याची_भाकरी

दुखण्याचं राहिलं. ‘माझं डोकं दुखतंय’ यात ‘माझं’ आहे. त्यामुळे ‘मी काबेसा द्वेले’ (स्पॅनिश ‘मी’ म्हणजे माझं) असं होतं, आणि ते खटकतं. स्पॅनिशमध्ये ‘मला डोकं दुखतंय’ अशी बांधणी: ‘मे द्वेले ला काबेसा’. डोकं कोणाचं ते ‘मे’ने सांगितलं, पुन्हा ‘माझं’ नको. पाय दोन आहेत म्हणून ‘मे द्वेलेन लोस प्येस’.

ताप आणि खोकला तेनेरमध्ये: ‘तेंगो फ्येब्रे’, ‘तेंगो तोस’. मळमळ: ‘तेंगो नाउसेआस’. गरगरतंय: ‘एस्तोय मारेआदो’. सर्दी: ‘एस्तोय र्रेस्फ्रियादो’. स्पेनमध्ये सर्दीला ‘कोन्स्तिपादो’ही म्हणतात. इंग्रजी शब्दाशी साम्य बघून बद्धकोष्ठता समजू नका. ऊन लागलं: ‘तेंगो उना इन्सोलास्योन’. मे महिन्यात हे लागणारच.

प्रतिसाद १०, सातपुडा_यावल

मे महिन्यावरून, ‘उकडतंय’ची फोड करायला हवी. मराठीत एक शब्द, स्पॅनिशमध्ये चार जागा.

हवा गरम आहे: ‘आसे कालोर’. मला उकडतंय: ‘तेंगो कालोर’. चहा गरम आहे: ‘एल ते एस्ता कालिएन्ते’. पारा सांगायचा: ‘एस्तामोस आ क्वारेन्ता इ सिन्को ग्रादोस’, म्हणजे शब्दशः ‘आपण ४५ अंशांवर आहोत’. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्याला हे वाक्य तयारच ठेवा.

आणि ‘एस्तोय कालिएन्ते’ माणसाने स्वतःबद्दल म्हणू नये. त्याचा अर्थ कामवासनेकडे जातो. वर्गात हे सांगायला शिक्षक लाजतात आणि मग विद्यार्थी भलत्या ठिकाणी म्हणून बसतात. त्याच जातीचे आणखी: ‘एक्सितादो’ टाळा, उत्सुक-आनंदी असाल तर ‘एमोस्योनादो’. ‘एस्तोय ब्वेनो’ टाळा, ‘एस्तोय ब्येन’ म्हणा. पहिल्याचा अर्थ ‘मी दिसायला आकर्षक’ असा घेतला जातो. ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर, ओशाळलेली नव्हे. ओशाळल्याला ‘मे दा बेर्ग्वेन्सा’.

प्रतिसाद ११, नवा_प्रवासी_चाळीसगाव

हा ‘मे दा’ नवीन आला. तो कधी? आणि ‘कंटाळा’ म्हणजे नेहमी आबुर्रीदो का? मला उठायचा कंटाळा आलाय, यात मी बोअर झालेलो नाही.

प्रतिसाद १२, तापीकाठ

फार चांगला प्रश्न. आपल्या कंटाळ्याचे दोन अर्थ आहेत. करमणूक नाही म्हणून कंटाळा, तो आबुर्रीदो. जिवावर येणं, आळस, तो ‘पेरेसा’: ‘मे दा पेरेसा लेबान्तार्मे’, उठायचा कंटाळा येतो. ‘मे दा’चा शब्दशः अर्थ ‘मला देतं’. एखादी गोष्ट माझ्यात भावना उत्पन्न करते तिथे हा चालतो. अंधाराची भीती वाटते: ‘मे दा म्येदो ला ओस्कुरिदाद’. किळस: ‘मे दा आस्को’. कीव किंवा वाईट वाटणं: ‘मे दा पेना’. पण मेक्सिकोत हेच ‘मे दा पेना’ लाज वाटते या अर्थाने घेतात, लक्ष ठेवा.

साधी ओळख अशी: कारण समोर आहे आणि तेच वाक्याचा कर्ता आहे, तर ‘मे दा’. फक्त अवस्था सांगायची तर ‘तेंगो म्येदो’.

आता आपला खास शब्द, करमत नाही. परगावी गेलेल्या पोराला ‘कसं वाटतंय’ विचारलं तर पहिलं उत्तर हेच. इंग्रजीतून जाऊन ‘एस्तोय त्रीस्ते’ म्हणाल तर ‘मी दुःखी आहे’ एवढंच पोचतं. करमत नाहीला स्पॅनिशमध्ये ‘नो मे आयो’ आहे, शब्दशः ‘मी स्वतःला सापडत नाही’. नव्या जागी जीव रमत नाही याच अर्थाने मेक्सिकोत हे ऐकू येतं. घरची आठवण येते: लॅटिन अमेरिकेत ‘एक्स्त्रान्यो मी कासा’, स्पेनमध्ये ‘एचो दे मेनोस मी कासा’.

प्रतिसाद १३, पांझरा

लिंग-वचनाबद्दल थोडं. मराठी बाई ‘थकले’, पुरुष ‘थकलो’, म्हणून कान्सादो-कान्सादा आपल्याला जड नाही. अडचण अनेकवचनात येते. ‘आम्ही थकलोय’ यात बायका आहेत की पुरुष ते मराठी सांगत नाही. स्पॅनिश सांगायला लावते: सगळ्या बायका तर ‘एस्तामोस कान्सादास’. शंभर बायकांत एक पुरुष आला तरी ‘कान्सादोस’. नपुंसकलिंगी नाम नाहीच. ‘पोरगं थकलंय’ म्हणताना मुलगा की मुलगी ते ठरवा.

‘त्रीस्ते’ दोघांना तसंच राहतं, अनेकवचन ‘त्रीस्तेस’. ‘फेलीस’ (आनंदी) हेही तसंच, अनेकवचन ‘फेलीसेस’, लिहिताना शेवटचं अक्षर बदलतं.

आणि ‘खूप’. आपण खूप थकलोय, खूप भूक लागली, एकच ‘खूप’. तिकडे विशेषणाआधी ‘मुय’, नामाआधी ‘मूचो’ किंवा ‘मूचा’. ‘एस्तोय मुय कान्सादो’, पण ‘तेंगो मूचा आम्ब्रे’. ‘मुय आम्ब्रे’ ही नवशिक्यांची ठरलेली चूक. भूक, तहान, घाई, लाज स्त्रीलिंगी, म्हणून मूचा. झोप, थंडी, उकाडा, भीती तिकडे पुल्लिंगी, म्हणून मूचो. मराठीत झोप, थंडी, भीती स्त्रीलिंगी आहेत, म्हणून नेमक्या याच तीन ठिकाणी जीभ घसरते. या तिन्हींचा सराव जास्त करा.

प्रतिसाद १४, सातपुडा_यावल

उच्चार. ‘त’ आणि ‘द’ आपलेच, दंत्य. इंग्रजीच्या सवयीने ‘एस्टोय’ म्हणू नका. आपल्याकडे तयार असलेलं अक्षर टाकून उसनं का घ्यायचं? आम्ब्रे लिहिताना सुरुवातीला ‘एच’ असतो, तो उच्चारत नाहीत. एनोखादोतला ‘ख’ घशातून घासून येतो, ‘ह’ आणि ‘ख’च्या मध्ये. स्पेनमध्ये रागाला ‘एन्फादादो’ जास्त चालतं, त्यात ही अडचणच नाही.

‘एस्तास’चा जोर शेवटावर. जोर सुरुवातीच्या ‘एस्’वर आला तर ‘या’ (अनेक स्त्रीलिंगी वस्तू) असा अर्थ होतो. लिहिताना शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ विसरू नका. कान्सादोतला ‘न’ गिळला तर कासादो होतं: थकलोय म्हणायचं होतं आणि लग्न झालंय असं सांगून बसाल.

प्रतिसाद १५, कळण्याची_भाकरी

नकार आपण शेवटी टाकतो: भूक नाही. तिकडे क्रियापदाच्या आधी: ‘नो तेंगो आम्ब्रे’, ‘नो एस्तोय एन्फेर्मो’ (मी आजारी नाही). ‘मे’ असेल तर त्याच्याही आधी: ‘नो मे गुस्ता’, ‘नो मे द्वेले नादा’, काहीच दुखत नाही.

मोठ्या माणसाला ‘कोमो एस्तास’ नको, ‘कोमो एस्ता उस्तेद’. आपण आत्याला, सरांना ‘तुम्ही कसे आहात’ म्हणतो तेच. स्पेनमध्ये ‘तू’ लवकर येतं, कोलंबियात ‘उस्तेद’ घरातल्या माणसालाही म्हणतात. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’: ‘बोस एस्तास’ तसंच राहतं, पण ‘त्येनेस’चं ‘तेनेस’ होतं, जोर शेवटावर.

प्रतिसाद १६, नवा_प्रवासी_चाळीसगाव

इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या देले ए-१ (स्पॅनिशची सगळ्यात पहिली पातळी) परीक्षेसाठी यातलं काय आधी पक्कं करू? बोलण्याचं दडपण आहे.

प्रतिसाद १७, गिरणाकाठ

तिथे ऐकणं आणि बोलणं मिळून ५० पैकी किमान ३० लागतात, वाचन-लेखनाचे वेगळे ३०. एका गटात कमी पडून दुसऱ्यात भरून निघत नाही. त्यामुळे बोलणं बाजूला ठेवून चालणार नाही.

आधी दहा तेनेर तोंडपाठ: भूक, तहान, झोप, थंडी, उकाडा, भीती, घाई, लाज, नशीब, बरोबर. प्रत्येक मूचो किंवा मूचासकट. मग बारा एस्तार: कान्सादो, आबुर्रीदो, एनोखादो, कोन्तेन्तो (खूश), त्रीस्ते, नेर्ब्योसो (दडपण आलेला), प्रेओकुपादो (काळजीत), आसुस्तादो, कोन्फुन्दीदो (गोंधळलेला), ओकुपादो (कामात), एन्फेर्मो, ब्येन. कोन्तेन्तो नेहमी एस्तारबरोबरच. ‘ब्येन’ बदलत नाही, ‘ब्येना’ असं काही नसतं.

सराव असा: रोज सकाळ, दुपार, रात्र मिळून तीन वाक्यं मोठ्याने, आणि प्रत्येकाला ‘पोर्के’, म्हणजे ‘कारण’, जोडायचं. ‘एस्तोय कान्सादो पोर्के त्राबाखो मूचो.’ थकलोय, कारण खूप काम करतो. ‘तेंगो स्वेन्यो पोर्के एस तार्दे.’ झोप आलीये, कारण उशीर झालाय. नुसतं ‘एस्तोय ब्येन’ म्हणून थांबलं की पुढचा प्रश्न येईपर्यंत शांतता पसरते. ‘पोर्के’ने बोलणं पुढे चालतं.

आणि परीक्षकाने ‘एस्तास नेर्ब्योसो?’ विचारलं तर ‘नो’ म्हणायची गरज नाही. ‘सी, उन पोको, पेरो एस्तोय कोन्तेन्तो दे एस्तार आकी.’ हो, थोडा, पण इथे आलोय याचा आनंद आहे. मुलगी असेल तर ‘कोन्तेन्ता’.